अंगाला न लागलेलं कापड

शिट्टीत एक लहानसा गोळा असतो. तो अडकला की फुंकणाऱ्याचे नुसते गाल फुगतात.

टेरिकॉटवर इस्त्री टेकवायची नाही. फिरवत राहायची.

भोईट्यांकडे दुपारी फोन करू नये. अण्णा झोपलेले असतात.

सवाष्ण बाईला घरातून रिकाम्या ओटीनं पाठवत नाहीत. पुरुष रिकामा गेला तर कुणाच्या लक्षातही येत नाही.

डावा कोपरा. डावा. सर, तुमचा डावा.

*

"हा माझ्याच दुकानातला आहे," शमीम म्हणाली.

मी पिशवी तिच्या टेबलावर उलटी केली होती आणि ब्लाउजपीसचा ढीग सरकत सरकत मशीनखाली गेला होता. त्यातला एक पोपटी, पांढऱ्या बुट्ट्यांचा, तिनं दोन बोटांनी वर ओढला.

"हिनं तुझ्याकडून घेतला असेल."

"काकूंनी नाही घेतला. हा सुर्वेवहिनींनी नेला होता, सत्यनारायणाला. त्यांनी तो घाटगेकाकूंच्या ओटीत घातला. घाटगेकाकूंनी कुणाच्या तरी डोहाळजेवणात पुढे ढकलला. मग तो एकदा कुमठ्याला जाऊन आला. आणि आता तुमच्या पिशवीत."

"तुला कसं माहीत?"

"जी ती मला आणून दाखवायची ना. शमीम, याचं ब्लाउज बरं दिसेल का गं? मी म्हणायची, नाही दिसणार. मग ती तो दुसरीला द्यायची."

"विकतानाच सांगायचंस, नाही दिसणार म्हणून."

"विकताना कुणी विचारत नाही, सर."

*

शमीम तांबोळी. कोरेगावच्या पेठेत तिचं पिको-फॉलचं दुकान होतं. त्याआधी ती आमच्या शाळेत होती, कवायतीला सगळ्यात मागच्या रांगेत. मी पी.टी. शिकवायचो. माझं नाव हणमंत जगदाळे, पण पोस्टमन सोडला तर ते कुणाच्या तोंडी नव्हतं.

माझी बायको रत्नप्रभा आदल्या श्रावणात गेली. तिच्या साड्या माझ्या बहिणींनी आठवण म्हणून वाटून नेल्या. पेटीत राहिले ते ब्लाउजपीस. बायका ते एकमेकींच्या ओटीत घालतात, घेणारी ते न उलगडता पेटीत ठेवते आणि पुढच्या कार्याला तिसरीच्या ओटीत घालते. रत्नानं प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीनं देणारीचं अक्षर लिहून ठेवलं होतं, म्हणजे तो चुकून त्याच बाईकडे परत जायला नको.

ती गेली आणि पेटी थांबली. पुरुष ओटी भरत नाही.

"हे सगळं वापर," मी शमीमला म्हणालो. "आणि मला ते शिकव."

"काय ते?"

मी भिंतीकडे बोट केलं. तिथं तिनंच केलेली एक गोधडी टांगली होती. आपल्याकडच्यासारखी साडीवर साडी घालून टाके मारलेली नव्हती. लहान लहान तुकडे जोडून नऊ घरांचा एक चौकोन, आणि असे चौकोन एकाशेजारी एक. पुण्याच्या कुणा बाईकडून शिकून आली होती ती.

"तुम्ही, सर?"

"का? वय झालं माझं?"

"वयाचं नाही म्हणत. तुम्हाला एका जागी बसलेलं मी कधी पाहिलं नाही."

"शिकव."

"कुणासाठी हवीय?"

"पाहुणा यायचाय."

"केवढा आहे पाहुणा? मापासाठी विचारते."

"अजून माहीत नाही."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. मग खांदे उडवले. "मग एका माणसाच्या पलंगाची करू. कुणालाही पुरते."

पोटातल्या बाळाची चर्चा बाजारात करू नये, असं रत्ना म्हणायची. मी केली नाही.

*

हे त्याच्या आधीच्या आठवड्यातलं. फोन फलटणहून. माझी मुलगी तृप्ती तिथं दिलेली. बोलत होत्या तिच्या सासूबाई, विजयमाला भोईटे.

"जगदाळे सर, एक बोलायचं होतं. रागावू नका."

"बोला ना, विहीणबाई."

"तृप्तीचं बाळंतपण आम्ही इथंच करायचं म्हणतोय."

"पहिलं आहे. पहिलं माहेरी."

"माहेर आहे हो, पण घरात बाईमाणूस कुठंय? तिला न्हाऊ कोण घालणार? बाळाची झबली, लंगोट, दुपटी, गोधडी, कोण बघणार? तुम्ही शिट्टी वाजवली म्हणून बाळ गप्प राहणार आहे का?"

त्या हसल्या. मी हसलो नाही.

"तृप्ती काय म्हणते?"

"ती काय म्हणणार? मीच नको म्हणतेय. राग धरायचा तर माझ्यावर धरा. घ्या, बोला तिच्याशी."

"पप्पा, जेवलात का?"

"तुला यायचंय का इकडं?"

"आई म्हणतात तसंच करू ना."

"तुला यायचंय का?"

"आधी सांगा, जेवलात का?"

जेवलो नव्हतो. फोन ठेवला आणि पाठकोऱ्या कागदावर विहीणबाईंच्या शंका एकाखाली एक लिहिल्या. न्हाऊ घालायला बाई. झबली. लंगोट. दुपटी. गोधडी. मला वाटलं, एकेक खोडत गेलो की शेवटी काही उरणार नाही आणि मुलगी घरी येईल. मी तालुक्याची क्रीडास्पर्धा अशीच पार पाडायचो.

न्हाऊ घालणाऱ्या हिराबाईंना मी त्याच संध्याकाळी सांगून आलो. झबली, लंगोट, दुपटी तयार मिळतात. गोधडीही मिळते. पण विकतची गोधडी दाखवून त्या बाईंचं तोंड बंद होणार नव्हतं.

*

शमीमनं मला मशीनला हात लावू दिला नाही. सुई-दोरा दिला आणि दुकानाच्या पायरीवर बसवलं.

"सर, ही सुई आहे. भाला नाही. एवढी मागं नेऊन मारू नका."

"बरं."

"आणि श्वास सोडा."

पहिला चौकोन. नऊ तुकडे, प्रत्येक तीन इंचाचा. स्टीलच्या पट्टीनं मोजून कापलेले. तीनाची एक रांग, अशा तीन रांगा. म्हणजे चौकोन नऊ इंच व्हायला हवा. झाला आठ, आणि एका अंगाला त्याहून कमी.

"कापड आटलं," मी म्हणालो.

"पाण्यात न घालता?"

"हलकं असेल."

"शिवणीत कापड जातं, सर. प्रत्येक शिवण दोन्हीकडचं थोडं थोडं खाते. ते धरून कापायचं असतं."

"मग आधी सांगायचं."

"तुम्ही सांगायचात का, ग्राउंडला पाचवी फेरी मारली की पोटात दुखतं म्हणून?"

पायरीवर फॉलला साडी घेऊन आलेल्या दोन बायका उभ्या होत्या. त्यांनी पदर तोंडावर धरले.

"उसवा," शमीम म्हणाली.

मी उसवलं.

*

"पहिल्या रांगेची शिवण डावीकडे मोडा. दुसऱ्या रांगेची उजवीकडे. मग रांगा एकमेकींवर ठेवल्या की शिवणी एकमेकींना अडतात आणि कोपरा जागच्या जागी बसतो. बोटाला कळतं ते."

"डावं-उजवं तू मला सांगू नकोस. अर्ध्या कोरेगावला मी शिकवलंय."

"हो ना. मग मोडा."

मोडलं. रांगा एकमेकींवर ठेवल्या. शिवणी अडल्या नाहीत. एकमेकींवर चढून बसल्या, आणि कोपऱ्यात वाटाण्याएवढी गाठ आली.

"डावा कोपरा, सर. डावा. तुमचा डावा."

"हा डावाच आहे."

"हा माझा डावा आहे."

तिचं बरोबर होतं. मी सगळा जन्म मुलांकडे तोंड करून उभा राहिलो. ओरडायचं "डावा हात वर" आणि स्वतः उजवा वर करायचा, म्हणजे समोरच्यांना आरशात पाहिल्यासारखं दिसतं. हाताला तीच सवय. समोर मुलं नव्हती, नऊ चिंध्या होत्या, तरी मी त्यांच्या बाजूनं वळत होतो.

"उसवा."

उसवलं.

"सर, तुम्ही इकडं कसे?" रस्त्यावरून सुर्वेवहिनी.

"फॉल लावायला आलोय, वहिनी."

"कशाला?"

"पायजम्याला."

*

टू बाय टू. रुबिया. पॉपलीन. टेरिकॉट, ज्यातून सुई जाताना किर्र वाजते. एक खरा खण, काठाचा, तो कापताना मी दोनदा कात्री खाली ठेवली. मातकट. आमसुली. कुठल्याशा एका वर्षी सगळ्यांनीच दिलेला राणी रंग.

घरी दिवाणखान्यात तुकडे पसरले. रांगा लावल्या. खुर्चीवर उभा राहून पाहिलं. सावधान म्हणालो. कुणी सावधान झालं नाही.

एकही कोपरा दुसऱ्याला मिळत नव्हता. पण चौकोन होते. रोज एक तरी होत होता. रस्त्यानं जाणाऱ्या घाटगेकाकू खिडकीत थांबून म्हणायच्या, "सर, आज किती?" आणि मी खिडकीतून चौकोन फडकवायचो. एकदा त्या आतच आल्या, पोपटी तुकडा ओळखला आणि म्हणाल्या, "अगंबाई, हा अजून आहे!"

शेवटी पाठीला पॉपलीन, मध्ये एक नवी चादर, आणि वरून धावदोरा. शमीमनं कडा मुडपून दिल्या. बोट फिरवत ती म्हणाली, "वाकडी आहे. पण सुटायची नाही."

मी ती घडी घालून कपाटात ठेवली आणि कागदावरचा शेवटचा शब्द खोडला.

*

विहीणबाई न सांगता आल्या. साताऱ्याला लग्न होतं, जाता जाता वाकडी वाट करून. जावई अमरजितनं गाडी दारात लावली आणि तो टायरमध्ये हवा भरायला निघून गेला. तृप्ती आली नव्हती.

मी हिराबाईंचं सांगितलं. झबली दाखवली. डिंकाचे लाडू कुणाकडून आणणार ते सांगितलं. त्या मान डोलावत राहिल्या. मग मी गोधडी आणली आणि त्यांच्यासमोर दिवाणावर उलगडली.

"कुणी केली?"

"मी."

"चेष्टा करताय."

मी बोटं पुढे केली. सगळ्या बोटांवर सुई टोचल्याच्या खुणा होत्या.

त्यांनी गोधडीवरून हात फिरवला. उलटा हात, गालाला लावतात तसा. मग पुन्हा फिरवला.

"जगदाळे सर, हे नवं आहे."

"नाही हो. यातले काही तृप्ती शाळेत होती तेव्हाचे आहेत."

"कुणाच्या अंगाला लागलेत का?"

"नाही. ब्लाउजपीस आहेत. घडीतच होते."

"मग नवंच. तान्ह्या बाळाला अंगाला न लागलेलं कापड घालत नाहीत. नवं कापड टोचतं. आधी माणसाच्या अंगावरून जावं लागतं ते. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

कुणी सांगणार कसं? हिराबाई सोडल्या तर मी बाळाचं कुणाला सांगितलंच नव्हतं, आणि हिराबाईंना गोधडीचं.

"धुतो. चार वेळा धुतो."

"धुऊन स्वच्छ होतं. जुनं नाही होत."

मी गोधडीकडे पाहत राहिलो. ते सगळे रंग एकदम फार भडक दिसायला लागले. आणि ती केवढी तरी मोठी होती. तान्ह्या बाळाला तीत गुंडाळलं असतं तर शोधावं लागलं असतं.

"हे काय लिहिलंय?" त्या वाकल्या. आमसुली तुकड्याच्या कोपऱ्यात पेन्सिलीचं अक्षर होतं. मी तो कोपरा कापायला विसरलो होतो. "भो?"

"भोईटे. तुम्ही दिलेला. लग्नात, हिच्या ओटीत."

"हा?" त्यांनी चष्मा लावला. आणि हसायला लागल्या. थांबेचनात. "अहो, हा मला आमच्या वन्संनी दिला होता. मला इतका आवडला नव्हता! म्हटलं, जाऊ दे कोरेगावला, परत यायचा नाही."

"परत चाललाय."

"चाललाय की." त्यांनी डोळे पुसले. पुसता पुसता हसणं संपलं, पण पदर डोळ्यांवरून खाली आला नाही.

"सर, बसा जरा."

मी बसलो.

"मी नको म्हटलेलं नाही. तीच नको म्हणाली."

बाहेर कुणाची तरी सायकल गेली.

"तृप्ती?"

"तिला तुम्हाला सांगता येईना. रडायची नुसती. म्हणायची, आई, मला त्या घरात जाववत नाही, पण पप्पांना काय सांगू? मी म्हटलं, मी सांगते. सासूनं अडवलं म्हण. सासू वाईट झाली तर काय बिघडतंय? तिला कुणी चांगली म्हणत नाहीच."

मी उठलो आणि गोधडीची घडी घालायला लागलो. माझ्या कागदावरचे सगळे शब्द खोडून झाले होते. हा त्यात नव्हता. तिसरी घडी बसली. चौथी बसेना. कापड फार ताठ होतं.

"द्या इकडं," विहीणबाई म्हणाल्या. त्यांनी घडी मोडली आणि गोधडी माझ्या खांद्यावर टाकली, पैलवानाला टाकतात तशी. "जुनी करा आधी."

"कशाला आता?"

"कशाला म्हणजे? ती येवो न येवो, बाळ तर येणार आहे. वापरा. एकट्यानं होणार नाही, वेळ कमी आहे. चारचौघांना वापरायला द्या."

*

आधी मी. रोज अंगावर. घाम येईपर्यंत. धुवायची, वाळवायची, परत.

मग शमीम. "तान्ह्या बाळासाठी होती? आणि मला पाहुणा म्हणून सांगितलंत? टेरिकॉट घालू दिलं असतं का मी!" भांडून झाल्यावर घेऊन गेली. तिचे वडील दम्यामुळे भिंतीला टेकून झोपायचे. त्यांच्या पाठीमागे राहिली.

मग सुर्वेवहिनींकडे. त्यांच्याकडे नातवंडांनी तिचा तंबू केला.

मग घाटगेकाकू मागायला आल्या. "द्या, सर. तो पोपटी शिवला नाही तर नाही, निदान अंगावर तरी घेते."

मग कुमठ्याला. कुणाकडे ते मला कळलं नाही. परत आली तेव्हा धुतलेली होती आणि एका सुटलेल्या कडेला कुणीतरी बारीक, सरळ, माझ्यापेक्षा कितीतरी चांगले टाके घातले होते.

पेटीतून निघालेले तुकडे पुन्हा त्याच घरांमधून फिरत होते. या वेळी मात्र कुणी त्यांना घडी घालून ठेवत नव्हतं. टेरिकॉट मऊ झालं नाही, ते होत नसतं. बाकी सगळं बसलं. राणी रंग उतरला. हातात घेतली की ती आपसूक खाली ओघळायची.

मग अमरजित येऊन फलटणला घेऊन गेला. "आईनं सांगितलंय, आता आमची पाळी."

तिथं ती आधी अण्णांकडे गेली. अण्णा म्हणजे माझे व्याही. दुपारी झोपणारे.

*

फोन.

"पप्पा, ही गोधडी कुणी शिवलीय?"

"का गं?"

"कोपरे जुळत नाहीत. एकही."

"विश्राममध्ये उभे आहेत ते. सावधान म्हटलं की जुळतील."

पलीकडून एक फुस्स, नळाला पाणी यायच्या आधी येतं तसं. मग तृप्ती हसली. मागच्या श्रावणानंतर मी ते ऐकलं नव्हतं.

"खरंच तुम्ही शिवलीत?"

"मी शिवायचो, शमीम उसवायला लावायची."

"कुठं बसून?"

"दुकानाच्या पायरीवर. नाहीतर इथं, दिवाणखान्यात. अजून पसारा आहे. दिवाणावर, खुर्च्यांवर, टीव्हीवर. चालताना पायात दोरे अडकतात. परवा एक तुकडा आमटीत निघाला."

"मम्मीच्या पेटीतले सगळे?"

"हो."

"म्हणजे पेटी उघडलीत तुम्ही."

"उघडली. रिकामी झाली. आता तिच्यात झबली आहेत."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मला वाटलं होतं, तुम्ही सगळं जसंच्या तसं ठेवलं असेल. तिचा चष्मा टेबलावर. चप्पल दारात. आणि मी आले की मलाही त्याच्यामधून हळू हळू चालावं लागेल."

"चष्मा कुठंय देव जाणे. ढिगाखाली असेल."

"मम्मी ओरडली असती."

"फार."

"चप्पल?"

"ती घालून मी अंगणात पाणी मारतो. माझी तुटलीय."

"पप्पा, मम्मीची चप्पल तुम्हाला येते?"

"टाच बाहेर राहते."

पुन्हा ते फुस्स. या वेळी ती हसत होती की रडत होती, मला कळलं नाही, आणि मी विचारलं नाही.

"पप्पा."

"काय?"

"न्यायला कधी येताय?"

*

मी गेलो. नारळ घेऊन, नवा शर्ट घालून. विहीणबाई दारातच बॅग भरून उभ्या होत्या. तृप्तीची वेगळी होती. ही त्यांची स्वतःची.

"तुम्ही कुठं निघालात?"

"कोरेगावला. तुमच्याबरोबर."

"विहीणबाई, सुनेच्या माहेरी सासू बाळंतपणाला? लोक काय म्हणतील?"

"सांगा त्यांना, जगदाळे सरांनी कवायतीला बोलावलंय. हिराबाई न्हाऊ घालून जातील, पण बाळ संध्याकाळी रडायला लागलं तर तुम्ही काय करणार? उसवणार?"

"आणि अण्णा?"

"अण्णांना गोधडी आहे."

आतून अण्णांचा आवाज आला, "ती नेऊ नका! तिच्याशिवाय मला डोळा लागत नाही."

मी तृप्तीकडे पाहिलं. ती कमरेवर हात ठेवून, चालायला अवघड झालेलं पोट पुढे करून उभी होती. "राहू द्या ती अण्णांना, पप्पा," ती म्हणाली. "बाळाला दुसरं बघू."

गोधडी फलटणलाच राहिली.

गाडीत विहीणबाई पुढे बसल्या आणि अमरजितला सगळा रस्ता गाडी कशी चालवायची ते सांगत राहिल्या. मागे मी आणि तृप्ती. तिनं माझा हात ओढून घेतला आणि बोटांची टोकं एकेक करून पाहिली. वाठारच्या पुढं ती माझ्या खांद्यावर झोपली. मी खांदा हलवला नाही.

घरी पोचल्यावर ती उंबऱ्यात थांबली. हिराबाई भाकरतुकडा ओवाळायला आल्या होत्या. तृप्तीनं आतला पसारा पाहिला, दिवाणावरचा ढीग, जमिनीवरचे दोरे, माझी पट्टी, कात्री. "बाप रे," ती म्हणाली. मग पायानं दोन तुकडे बाजूला सारत आत गेली आणि दिवाणावर बसायला जागा करू लागली.

बाळाची दुपटी विहीणबाईंनी माझ्या जुन्या गंजिफ्रॉकांची केली. धुऊन धुऊन भोकं पडलेले, मी टाकून द्यायचं म्हणून ठेवलेले. त्या म्हणाल्या, याच्याहून मऊ कापड अख्ख्या सातारा जिल्ह्यात मिळायचं नाही. मुलगी झाली. आता ती माझ्याहून उंच व्हायला निघाली आहे.

*

तृप्ती पोटात होती तेव्हा रत्नाला न्यायला तिच्या माहेरहून कुणी आलं नव्हतं; म्हणून तृप्तीला न्यायला मला जायचंच होतं.